साखराबाईचे पांढरे केस

आमच्या नांदूरघाटात साखराबाईला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिची बोलणी खाल्ली नाहीत असा तर मुळीच नाही. धनगराची बाई. नवरा सटवा, मुलगा बजरंग, मुलगी अंजू आणि मेंढरांचा कळप, एवढा तिचा संसार. सुगी उरकली की त्यांची मेंढरं दरसाल आमच्या रानात बसायला येतात. दिवस मावळायच्या आत वावरात वाघूर लावायची. वाघूर म्हणजे दोरांची विणलेली जाळी. ती चारी बाजूंनी मेखांवर ताणून आत मेंढरं कोंडायची, म्हणजे लांडग्याला वाट मिळत नाही आणि लेंड्यांनी आमचं रानही खतावतं. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासूनची ही रीत आहे. कोणत्या तुकड्यात वाघूर लावायची यावरून माझं आणि साखराबाईचं दरवर्षी वाजतं, आणि माझं बोलून होईपर्यंत तिनं आपल्या मनासारख्या मेखा ठोकलेल्या असतात.

मी सत्यशीला. गेल्या महिन्यात जे झालं ते सांगितल्यावाचून मला चैन पडत नाही. माझे यजमान आदिनाथ म्हणतात, गावात सगळ्यांना दोनदोनदा सांगून झालं, आता लोक तुला बघून वाट बदलतात, तेव्हा एकदाचं लिहून काढ. म्हणून लिहिते आहे.

साखराबाईच्या मांडीत पहिल्यांदा गाठ आली तेव्हा एडक्याची धडक बसली असेल म्हणून तिनं ती बरेच महिने अंगावर काढली. मग ऑपरेशन झालं, गाठ निघाली, बाई पुन्हा मेंढरांमागे गेली. दोन वर्षांनी त्याच जागी गाठ परत आली. पुन्हा काढली, वर लाईट दिली, म्हणजे मशीनखाली निजवून किरणांचा शेक दिला. आम्हाला वाटलं, सुटलो. मागच्या उन्हाळ्यात तिला खोकला धरला, पाठ दुखायला लागली, आणि तपासणीत कळलं की गाठीची पिल्लं दोन्ही फुफ्फुसांत आणि पाठीच्या एका मणक्यात जाऊन बसली आहेत.

केजच्या डॉक्टरांनी सरळ पुण्याचा रस्ता दाखवला. रोगाचं नाव इतकं लांबलचक की मला आजही म्हणता येत नाही. लाखो माणसांत एखाद्यालाच होतो म्हणे. हे ऐकून साखराबाई मला म्हणाली, "लाखात एक म्हणत्यात मला, ताई. माझ्या बापानं बी एवढी तारीफ कदी केली न्हवती." मला रडू येत होतं आणि ही बया चेष्टा करत होती. मला रागच आला.

पुण्यात माझा भाऊ भारत राहतो, म्हणून सोबत मी गेले. सटवाभाऊ रानात वाघासारखे, पण दवाखान्याच्या लिफ्टसमोर चप्पल काढून उभे राहिले. आम्हाला ज्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं त्या वयानं लहान, चष्मा लावलेल्या, इंग्रजीत फोनवर बोलत होत्या. त्यांनी फोन ठेवला, सटवाभाऊंचा उतरलेला चेहरा बघितला आणि म्हणाल्या, "कावून घाबरता एवढं, मामा?"

सटवाभाऊंनी दचकून वर बघितलं. पुण्यात, एवढ्या मोठ्या दवाखान्यात, आमच्याकडचं 'कावून'. बाई निघाल्या परळी वैजनाथच्या. विजयमाला केंद्रे. वडील थर्मलमध्ये, म्हणजे तिथल्या वीजकेंद्रात कामाला होते, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडते म्हणून आई दोरी घरातच बांधायची, असं त्यांनी सांगितलं. साखराबाईनं लगेच त्यांना 'पोरी' म्हणायला सुरुवात केली. माझ्या मनावरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं.

त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. हा रोग दोनदा परत आलाय आणि आता पांगलाय, म्हणून एका औषधाचं हे काम नाही. मणक्यातल्या गाठीला लाईट द्यायची. फुफ्फुसातल्या मोठ्या गाठी सुईनं मारायच्या. रोज एक गोळी घ्यायची, ती गाठीला मिळणारं रक्त तोडते. आणि दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून एक नवं औषध, ते अंगातल्या राखणदारांना जागं करतं. ते औषध दवाखान्यात चाललेल्या अभ्यासातून मिळणार होतं, पण एक अट होती. रोग वाढत गेला तर अभ्यासातून नाव निघणार आणि ते औषध बंद होणार.

"म्हंजी वाघूर," साखराबाई म्हणाली. "चारी बाजू एकदम लावायच्या."

"बरोब्बर. आणि एक बाजू सुटली तर?"

"लांडगा तितूनच येतो, पोरी. हे मला कावून इचारतीस?"

मला त्या दिवशी इतका हुरूप आला की येताना एसटीत मी शेजारच्या अनोळखी बाईला सगळी ट्रीटमेंट समजावून सांगितली. ती पाटोद्याला उतरून गेली बिचारी.

लाईट झाली, पाठीचं दुखणं पळालं. गोळी सुरू झाली, सलाईन सुरू झालं. खोकला कमी झाला. आणि गोळीनं आणखी एक काम केलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी बघून आम्ही सगळे चाट पडलो. साखराबाईचे केस मुळापासून पांढरे यायला लागले. गणपती बसले तोवर भुवया पांढऱ्या झाल्या, पापण्यासुद्धा. पन्नाशीला आलेली बाई, पण डोक्यात एक पांढरा केस नव्हता तिच्या. काळेभोर, गुडघ्याला लागणारे केस. लग्नाआधी बघायला गेलेल्या सटवाभाऊंनी म्हणे पाठमोरा शेपटा बघूनच होकार दिला होता. गाठीनं जिचा कधी डोळा ओला केला नाही, ती केसांपायी माझ्या ओसरीवर बसून रडली. "मेंढरं बी मला वळखंनात," म्हणाली. अंजूनं कलप आणला, पण तो लावल्यावर डोकं खाजून खाजून लाल झालं. तेव्हापासून ती पदर कपाळापर्यंत ओढून बसायला लागली. गोळीनं तोंड यायचं, जेवण जायचं नाही, पोट बिघडायचं. तरी ती गोळी घ्यायची, कारण पोरीनं सांगितलं होतं.

दिवाळीनंतर सुईची पाळी आली. डॉक्टर केंद्रे सांगायला लागल्या की आम्ही बारीक सुई फुफ्फुसातल्या गाठीपर्यंत नेतो आणि तिथे ती तापवतो, गाठ जागच्या जागी जळून जाते. आत्तापर्यंत खाली मान घालून बसणारे सटवाभाऊ एकदम ताठ झाले.

"म्हंजी डाग."

आता हे सांगायला हवं की जनावराला डाग देण्यात सटवाभाऊंचा हात आसपासच्या वाड्यांवर नावाजलेला आहे. मेंढरू लंगडलं, सुजलं, की लोखंडी सळई लाल करून नेमक्या जागी टेकवायची. त्यांच्या आईनं त्यांना शिकवलेलं. इतके महिने दवाखान्यात त्यांना काही कळत नव्हतं, आणि आज पहिल्यांदा डॉक्टर त्यांच्या ओळखीचं काहीतरी बोलत होत्या.

डॉक्टर हसल्या. "डागच म्हणा, मामा."

सुईच्या आधी आठवडाभर गोळी बंद ठेवायला सांगितली होती. सुई झाली, छान झाली, चौथ्या दिवशी बाई चालायला लागली. घरी सोडताना सिस्टरनं गोळी पुन्हा कधीपासून सुरू करायची ते सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे दवाखान्यातून फोन यायचा, गोळ्या आहेत ना मावशी, आणि साखराबाई म्हणायची, "हायत की. लई हायत."

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन रानात गेले, तर साखराबाई स्वतः मेख ठोकत होती. हातात दगड, कमरेला पदर खोचलेला, तोंडाचा पट्टा चालू. गाल भरलेले. दोन भाकरी खाते म्हणाली. आणि मेखेवर वाकली तेव्हा डोक्यावरचा पदर सरकला, आणि मला दिसलं. भांगाच्या दोन्ही बाजूंनी, मुळाशी, बोटाच्या पेराएवढे काळे केस.

मी तिळगुळाचा डबा तिथेच टाकला आणि ओरडले. हो, ओरडले. बजरंग धावत आला, त्याला वाटलं साप निघाला. अंजूनं आईचं डोकं दोन्ही हातांत धरून बघितलं. सटवाभाऊंनी बघितलं, त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. केस काळे येतायत, म्हणजे अंगातलं विष उतरलं, रोग गेला. कुणी कुणाला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. सटवाभाऊंनी गावात गूळ वाटला. मी यजमानांना फोन करून पोळ्यांचा बेत सांगितला. चार दिवसांनी कळप तेलगावकडे निघणार होता, उसाचं वाढं, म्हणजे तोडणीत उरलेले हिरवे शेंडे खायला, आणि या वर्षी साखराबाई पुढे चालणार होती. त्याआधी सलाईनची तारीख आणि मोठी तपासणी होती, तेवढं उरकायचं होतं. पुण्याला जाताना तिनं पदर डोक्यावर घेतलाच नाही.

तपासणी सकाळीच झाली. दुपारी डॉक्टर केंद्रेंच्या खोलीत गेलो तेव्हा रिपोर्ट यायचा होता. साखराबाईनं खुर्चीवर बसल्याबसल्या डोकं पुढे केलं. "बघ पोरी, काळं आलं."

डॉक्टरांनी भांग बोटांनी उकलून बघितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता आनंदतील, मग आनंदतील. त्यांनी हात काढला आणि हळूच विचारलं, "मावशी, गोळी कधी सोडली?"

साखराबाईनं सटवाभाऊंकडे बघितलं. मग सटवाभाऊ म्हणाले, "डाग दिल्यापासनं."

गोळी चालू असती तर केस पांढरेच आले असते. जे आम्ही गूळ वाटून साजरं केलं ते गोळी बंद पडल्याचं लक्षण होतं. मी सटवाभाऊंवर अशी बरसले की बाहेरची सिस्टर आत डोकावली. अहो शहाणे, म्हटलं, बायकोचा जीव आहे, तुमची मेंढी नाही. साखराबाई माझ्यावर उलटली. "त्येंना बोलू नगं ताई, गोळी माझी मीच सोडली."

डॉक्टरांनी मला हातानं थांबवलं आणि सटवाभाऊंच्या शेजारी येऊन बसल्या. "मामा, डाग दिल्यावर काय करत्यात, सांगा मला."

सटवाभाऊंनी सांगितलं. त्यांच्या घरातला दंडक आहे. डाग दिलेल्या जनावराला दुसरी दवा द्यायची नाही. पाला नाही, गोळी नाही, काढा नाही. एका अंगावर दोन इलाज चालवले तर डाग रुसतो आणि रोग दुपटीनं येतो, असं त्यांची आई सांगायची. तुम्हीच म्हणालात डाग आहे, म्हणून गोळी थांबवली. आठवडाभर बंद होतीच, ती बंदच ठेवली.

"आणि सलाईन? ते तर चालू ठेवलं तुमी."

"सलाईन म्हंजी पानी," साखराबाई म्हणाली. "पानी कुटं दवा असतंय?"

डॉक्टरांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "चूक माझी बी हाय. मीच म्हणाले, डागच म्हणा." तेवढ्यात त्यांच्या संगणकावर रिपोर्ट आला.

देवाशपथ सांगते, त्या बाई पडद्यावर चित्रं वरखाली करत होत्या तेवढ्या वेळात मी सगळे देव आठवले, वैजनाथ दोनदा. रोग वाढलेला निघाला तर नाव कटणार, नवं औषध बंद, गोळी आधीच सुटलेली, चारांतल्या दोनच बाजू उरणार. साखराबाई मात्र भिंतीकडे बघत होती. हात मांडीवर, जुन्या टाक्यांच्या जागी.

"मणका शांत हाय," डॉक्टर म्हणाल्या. "जाळलेल्या गाठी मेल्यात. बारक्या गाठी हायत तशाच हायत. डाव्या फुफ्फुसात खाली एक गाठ वाढलीय."

"मग नाव?" मी विचारलं.

"नाव राहतं, वाढ अटीच्या आत हाय. थोडक्यात वाचलं. पण गोळी आजपासून पाहिजे. अजून दोन महिने अशी गेली असती तर माझ्याही हातात काही राहिलं नसतं."

आता कुणीही म्हणेल, झालं, गोळी घ्यायची आणि निघायचं. पण सटवाभाऊ हलेनात. त्यांचा चेहरा बघून मला पुन्हा राग यायला लागला, पण हे नुसतं हट्टाचं काम नव्हतं. त्यांना खरंच भीती वाटत होती. आईचा शब्द मोडून गोळी दिली आणि साखरा गेली, तर ते कुणाला तोंड दाखवणार होते? डॉक्टरांनाही ते दिसलं असावं. त्यांनी विचारलं, "मामा, ह्या दंडकाला काई सूट असंल की न्हाई? जनावराला दुसरी दवा द्यायचीच पडली तर?"

सटवाभाऊ म्हणाले, "हाय. डाग देणाराच सोडवतो. दुसऱ्याला त्यो हक न्हाई."

"मग सोडवा की," मी म्हणाले.

"म्या कुटं दिलाय, ताई? डाग हिनं दिलाय." त्यांनी डॉक्टरांकडे बोट केलं.

मी तो क्षण मरेपर्यंत विसरणार नाही. डॉक्टर केंद्रे उठल्या. कसं सोडवायचं ते त्यांनी विचारून घेतलं. सटवाभाऊंनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून देवाचा भंडारा काढून डॉक्टरांच्या तळहातावर ठेवला. डॉक्टरांनी चिमूटभर हळद साखराबाईच्या कपाळाला लावली आणि छातीवर, सुई गेली होती त्या जागी, ब्लाऊजवरूनच बोट टेकवलं. म्हणाल्या, "मी डाग दिला. मी सोडवला. आता दवा चालंल." सरळ उभं राहून, पेशंटला नेहमी सांगतात त्याच आवाजात म्हणाल्या. पांढऱ्या कोटाच्या बाहीला पिवळी हळद लागली होती.

सटवाभाऊंनी दोन्ही हात जोडले. साखराबाईनं माझ्या बाटलीतलं पाणी घेतलं आणि तिथेच गोळी गिळली. मग डॉक्टरांना म्हणाली, "पोरी, आता जे द्यायचं ते दे. मी न्हाई म्हणणार न्हाई."

तीन आठवड्यांनी डाव्या बाजूची गाठ सुईनं जाळली. या वेळी सटवाभाऊंनी भंडारा आधीच काढून ठेवला होता आणि डॉक्टरांनी खोलीतून बाहेर येताच डाग सोडवला. बाकीच्या सिस्टर बघायला जमल्या होत्या. कळप तेलगावला बजरंगबरोबर गेला. साखराबाई दर खेपेला रुसली, भांडली, पण गोळी चुकवली नाही. तोंड आलं, केस पुन्हा मुळापासून पांढरे आले, मध्ये काळा पट्टा राहिला तो हळूहळू खाली सरकला. एक दिवस अंजूनं कात्रीनं तो कापून टाकला. गुडघ्यापर्यंतचे केस चार बोटं उरले. साखराबाईनं हूं की चूं केलं नाही.

आणि गेल्या महिन्यात पुन्हा मोठी तपासणी झाली. डॉक्टर केंद्रेंनी आम्हाला खुर्चीवर बसूसुद्धा दिलं नाही. दारातच म्हणाल्या, "मावशी, जिवंत असं एक बी ठिकाण दिसंना." साखराबाई म्हणाली, "गेला म्हण की मग." डॉक्टर म्हणाल्या, गेला असं मी म्हणणार नाही, हा रोग लबाड आहे, दोनदा फसवून गेलाय. गोळी चालू, सलाईन चालू, तपासणी चालू. "वाघूर काढायची न्हाई."

"मेंढरं हायेत तवर वाघूर काढतंय कोण?" साखराबाई म्हणाली.

परवा अवस होती. कळप तेलगावहून परतलाय, पुन्हा आमच्या रानात बसलाय, आणि कोणत्या तुकड्यात यावरून आमचं भांडण यथास्थित झालं, मी हरले. सकाळी चहा घेऊन गेले तर साखराबाई बाभळीखाली उन्हाकडे डोकं करून बसली होती आणि सटवाभाऊ मागे बसून तिचा भांग बोटांनी उकलून बघत होते. दर अवसेला बघतात. आता त्यांच्या घरात काळ्या केसाची धास्ती आहे. अंजूनं दळण बाजूला ठेवलं होतं, बजरंग काठीवर रेलून उभा होता. मीही कप हातात धरून उभी राहिले.

सटवाभाऊंचं बोट एका जागी थांबलं.

"काय हाय?" साखराबाईनं विचारलं. त्यांनी वाकून, डोळे बारीक करून बघितलं. मला दिसलं, पांढऱ्या केसांत काळं काहीतरी होतं. साखराबाई म्हणाली, "अवं, गोळी म्या रोज घेतीया. भंडाऱ्याची आण." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

सटवाभाऊंनी नखानं ते काळं धरलं आणि ओढलं. ते अलगद हातात आलं. उन्हात धरून बघितलं आणि मग आपल्या तळहातावर ठेवून तिच्यापुढे केलं. काळ्या मेंढीच्या लोकरीचा धागा होता.

"तुझा न्हाई," ते म्हणाले. "तुझं सगळं पांढरं हाय."

साखराबाईनं तो धागा फुंकर मारून उडवला, पदर खांद्यावरच ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "च्या दे की ताई. गार केलास समदा."